कबूल केलेला नातू

"मंग तिकडं नळीत तरी पोरगाच हाय ना?" निर्मलाबाईंनी विचारलं आणि डॉक्टर निताचा हात जागच्या जागी थांबला.

तीच गोष्ट तिनं आत्ताच तीन तऱ्हांनी सांगितली होती. आधी नेहमीच्या शब्दांत, मग सोप्या शब्दांत, मग कागदावर गर्भाची पिशवी आणि दोन बाजूंच्या दोन नळ्या काढून. गर्भ राहिलाय, पण पिशवीत नाही. उजव्या बाजूच्या नळीत अडकलाय. तिथे त्याला वाढायला जागा नाही, तो वाढणारच नाही, पण वाढायचा प्रयत्न करतोय आणि त्यानं नळी फुटायला आलीय. पोटात रक्त साचायला लागलंय. हे सगळं निर्मलाबाईंनी मान हलवत ऐकलं होतं. मधून मधून "व्हय, व्हय" म्हटलं होतं, कागदावरच्या नळीवर बोट ठेवून "हितं का?" असंही विचारलं होतं. म्हणजे कळलं होतं. आणि कळून हा प्रश्न. पडद्यावर मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी, चुकीच्या जागी रुतलेलं, जन्माची कसलीही आशा नसलेलं, आईला मारायला निघालेलं. आणि त्यालाही आधी पोरगा की पोरगी ते ठरवून द्यायचं. निताला वाटलं, हसावं. मग वाटलं, हातातला सोनोग्राफीचा प्रोब भिंतीवर फेकावा. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही, कारण चेहरा हलू द्यायचा नाही ही सवय आता तिच्या हाडात गेली होती.

ती सवय या प्रश्नानंच लावली होती. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवे दवाखाने सुरू होत होते, तेव्हा तिनं बसस्टँडपासून जवळच दोन खोल्यांत सोनोग्राफी सेंटर टाकलं. दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली की इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. लोक पाटी वाचत, चपला काढत, आत येत आणि विचारत. खेड्यातले सरळ विचारत. गावातले शहाणे वळणानं विचारत. शाळेतले एक सर म्हणाले होते, "मॅडम, नुसतं एवढंच सांगा, पेढे आणू की बर्फी?" बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं विचारलं होतं की बाळासाठी स्वेटर विणतेय, कोणत्या रंगाची लोकर घेऊ. एकानं तर काहीच विचारलं नव्हतं. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसला होता, आणि बाहेर जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं की बाई हसल्या, म्हणजे पोरगा. त्या दिवसापासून निता तपासताना हसायची बंद झाली. पहिल्यांदा आई होणारी एखादी पोर टेबलावर पडून असायची, पडद्यावर तांदळाच्या कणाएवढं हृदय लुकलुकायला लागायचं, निताला आतून भरून यायचं आणि ती दगडासारख्या चेहऱ्यानं म्हणायची, "ठोके आहेत. ठीक आहे. उठा." घरी रणजीत, तिचा नवरा, तोही डॉक्टरच, कधी वैतागून म्हणायचा की तुझ्याकडे बघून जेवण आवडलं की नाही तेसुद्धा कळत नाही.

म्हणून तर तिला सुरुवातीच्या आठवड्यांतल्या बायका आवडायच्या. सहावा, सातवा, आठवा आठवडा. तेव्हा पोटात असतो तो नुसता एक जीव. आहे की नाही, जागेवर आहे की नाही, ठोके लागलेत की नाही, एवढेच प्रश्न. देवानंही तोवर त्याचं काही ठरवलेलं दिसत नाही, असं ती कधी कधी स्वतःशी म्हणायची आणि तेवढ्यापुरतं तिला मोकळं वाटायचं. या आठवड्यांत तरी तो प्रश्न कुणी विचारू शकत नाही, हा तिचा समज होता. निर्मलाबाईंनी आज तोही राहू दिला नाही.

टेबलावर पेमा पडली होती. निर्मलाबाईंची सून. विशीच्या आतली, आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या एका तांड्यावरची. नवरा दिपक ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेला. दोन दिवसांपासून उजव्या बाजूला ओटीपोटात कळ, थोडा रक्तस्राव, आणि आज सकाळपासून खांदा दुखतोय, असं तिनं मदतनीस अनुसयाबाईंना हळू आवाजात सांगितलं होतं. खांदा म्हटल्यावर निताचे कान टवकारले होते. पोटात रक्त साचलं की कळ खांद्यात उमटते. पेमानं त्यानंतर तोंड उघडलं नव्हतं. लाइट गेलेली होती, मशीन इन्व्हर्टरवर चालू होतं, पंखा बंद, आणि त्या बंद पंख्याकडे ती टक लावून बघत होती. तिच्याविषयी चाललेल्या बोलण्यात तिला कुणी धरतच नव्हतं. आपणही धरत नाही, हे निताच्या ध्यानात आलं, पण तेव्हा वेळ नव्हता.

"निर्मलाबाई, तो पोरगाही नाही आणि पोरगीही नाही. तो गर्भ राहणारच नाही. हिला आत्ता नांदेडला न्यायचं, ऑपरेशन करायचं. इथे आज भूल देणारे डॉक्टर गावात नाहीत, मी फोन करून बघितलं. आत्ता म्हणजे आत्ता."

निर्मलाबाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. "चालून आली ना ती," त्या म्हणाल्या. "काल कापूस येचला तिनं. भाकर खाऊन राहिली. अशी कशी मरंल?" आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निता हात धुवायला म्हणून बाहेर आली. मागोमाग अनुसयाबाई आल्या. त्या सेंटर उघडल्यापासून तिच्याकडे होत्या. पेशंटला टेबलावर चढवायचं, हात धरायचा, पोट पुसून द्यायचं, सगळं त्याच बघायच्या. त्या नळाशी उभ्या राहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू का? सांगून टाका ना पोरगा हाय म्हणून. पळत जातील बघा."

"अनुसयाबाई!"

"न्हाई, म्हणजे खोटंच. पन जातील तरी."

"ऑपरेशन म्हणजे तो काढून टाकणं. आधी पोरगा आहे म्हणून सांगायचं आणि मग त्याला काढायला नांदेडला पाठवायचं? त्या पोरीला जन्मभर काय ऐकावं लागेल? पोरगा खाल्ला म्हणतील तिनं."

"आधी जन्म तर राहू द्या तिचा," अनुसयाबाई म्हणाल्या आणि टॉवेल पुढे केला.

निता त्यांच्यावर ओरडली. हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही म्हणाली. पण टॉवेलनं हात पुसताना तिला जाणवलं की आपण रागावलोय ते त्या वाक्यात खोट काढता येत नाही म्हणून. इतकी वर्षं एकालाही, एकदाही, भुवईच्या हालचालीनंसुद्धा न सांगितलेली ती गोष्ट, तिच्या सगळ्या अभिमानाची गाठ तिथं मारलेली. आणि आज ती गाठ सोडली तर कदाचित एक पोरगी वाचते. नांदेडच्या सर्जनशी फोनवर बोलणं झालं होतं. कॉलेजात तिच्याच बरोबरच्या होत्या त्या. म्हणाल्या होत्या, बोलत काय बसलीस, पाठव. पाठव! जणू कुरिअर होतं. आत ती बाई स्टुलावर बसून होती आणि तिला उठवायची कळ कुठं असते ते जगातल्या कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

खरं म्हणजे निताला ती कळ माहीत होती. तिच्या बोर्डावर नवऱ्याचं आडनाव होतं, रणजीत परभणीकडचा, दुसऱ्या जातीतला. त्यामुळे फार जणांना ठाऊक नव्हतं की ही डॉक्टरीणबाई तांड्यावरच वाढलीय. वडील आश्रमशाळेत मास्तर. घरात गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलली जायची, ती अजून तिच्या तोंडात होती, पण ती दवाखान्यात एक शब्द बोलायची नाही. सेंटर उघडलं त्या वर्षी कुणा लांबच्या नात्यातल्या म्हातारीला पत्ता लागला होता. मग एक एक करून येऊ लागले. तू आपली लेक, तुला सगळं दिसतं, आपल्याच माणसाला सांगायला काय होतं. परक्यांना नाही म्हणणं सोपं. ते नाराज होऊन जातात. ही माणसं दुखावली जात, तिच्या आईकडे जाऊन रडत, मास्तरांची पोरगी शिकली आणि ओळख विसरली म्हणत. तेव्हापासून तिनं ती भाषा दारूबंदीसारखी बंद केली. कुणी आपापसांत बोलू लागलं की ती न कळल्यासारखा चेहरा करायची. आणि कळायचं सगळंच. एक सासू सुनेला काय म्हणाली, एक नवरा बायकोला दारात काय म्हणाला, सगळं. ते ऐकून घ्यायचं आणि वर "पुढचा पेशंट पाठवा" म्हणायचं.

तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळची एक गोष्ट आई सांगायची. तांड्यावर मुलगा झाला की नगारा वाजवायचे. निता तिसरी मुलगी. सुईण बाहेर आली, बाहेर बायका उभ्या, आणि त्यातली एक नुसतं म्हणाली, "राहू द्या नगारा." एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी बोल लावला नाही. वडिलांनी तिला पहिलीपासून सायकलवर शाळेत नेलं, तालुक्याला ठेवलं, मेडिकलला घातलं. पण "राहू द्या नगारा" हे वाक्य आई हसत हसत सांगायची आणि निताला त्या हसण्याचा राग यायचा. आईचा यायचा, नगाऱ्याचा नाही. आता टॉवेल खुंटीला लावताना तिला उगाच तो सगळा राग एकदम आला. आईचा, त्या सरांच्या पेढ्या-बर्फीचा, लोकरीच्या रंगाचा, गेलेल्या लाइटीचा, स्टुलावरच्या बाईचा. ती आत गेली.

निर्मलाबाई तशाच बसल्या होत्या. पेमानं मान कलती केली होती. तिचे ओठ पांढुरके दिसायला लागले होते आणि कपाळावर घाम होता. निताला नाडीचा ठोका बोटाखाली भरभर लागला.

"मरेल ती," निता म्हणाली. "कळतंय का तुम्हाला? तुमच्या समोर, या टेबलावर. मरेल."

निर्मलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. चेहरा हलला नाही. उठल्या नाहीत.

तेव्हा निता बोलली. तिच्या भाषेत. इतक्या वर्षांनी दवाखान्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत स्वतःचाच तो आवाज ऐकून तिला कसंतरी झालं. आईचाच आवाज होता तो, तांड्यावरून लेकरांना हाका मारणारा. ती म्हणाली, "मावशी, ऐक. आज नेलंस तर एकच नळी जाईल. दुसरी चांगली आहे. त्या दुसरीतून नातवाचं तोंड बघशील. आज नेलं नाहीस तर सूनही नाही आणि नातूही नाही. नातू पाहिजे ना तुला? मग ऊठ."

अनुसयाबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पेमानं पंख्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदा निताकडे बघितलं. आणि निर्मलाबाई उठल्या. पिशवी स्टुलावर ठेवली, पदर डोक्यावरून ओढला आणि बाहेर गेल्या. खिडकीतून निताला दिसलं, समोरच्या लिंबाखाली त्यांचे मालक हिरासिंग बिडी ओढत बसले होते. निर्मलाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून हात हलवून काहीतरी बोलल्या. शेजारच्या दुकानाचं जनरेटर धडधडत होतं, ऐकू काही येत नव्हतं. हिरासिंगांनी एकदा मान हलवली, नाही म्हणून. निर्मलाबाई आणखी बोलल्या. मग हिरासिंगांनी बिडी टाकली आणि ते स्टँडकडे अक्षरशः पळत सुटले. थोड्या वेळात जीप दारात होती. पेमाला मागच्या बाकड्यावर आडवी केली, अनुसयाबाईंनी पायाखाली उशी दिली. पिशवी न्यायला म्हणून निर्मलाबाई परत आत आल्या आणि दारातच थांबून गोरमाटीत म्हणाल्या, "तू आपलीच निघालीस." निताने सलाईनची बाटली त्यांच्या हातात दिली आणि वर कशी धरायची ते दाखवलं.

संध्याकाळी नांदेडहून फोन आला. पोट उघडलं तेव्हा नळी फुटलेलीच होती, रक्त पोटभर, पण वाचली. दुसरी बाजू शाबूत आहे. सर्जनबाई म्हणाल्या, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तू कसं पाठवलंस एवढ्या लवकर, ही माणसं हलत नाहीत. निता म्हणाली, "हलली." फोन ठेवल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं पोळी मोडली आणि तशीच ठेवली. रणजीतला म्हणाली, "मी मरेल म्हटलं तर ढिम्म. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नातू म्हटलं तर ताडकन उठली. माणूस मेलं तर चालतं यांना. त्या पोरीचा जीव मी नातवाच्या नावावर सोडवून आणला." रणजीत म्हणाला, "पण सुटला ना जीव?" आणि निताला त्या साध्या, बरोबर, शहाण्या वाक्याची इतकी चीड आली की ती ताट घेऊन उठलीच. जीव सुटला, पण ज्या नाण्यावर तिनं इतकी वर्षं थुंकायचं ठरवलं होतं तेच तिनं आपल्या हातानं गल्ल्यावर ठेवलं होतं, आणि त्या भाषेत ठेवलं होतं जी तिनं एवढ्यासाठीच बंद केली होती. त्यानंतर कित्येक दिवस एखादी सासू स्टुलावर बसली की निताला तिच्या जागी निर्मलाबाई दिसत आणि ती त्या बिचारीवर उगाच खेकसायची. अनुसयाबाई मग बाहेर जाऊन त्या सासूला पाणी द्यायच्या.

पेमा परत आली ती दुसऱ्या वर्षी, कापूस वेचून झाल्यावर. पाळी चुकून दीड-दोन महिने झालेले. बाहेर निर्मलाबाई आणि हिरासिंग दोघंही बसले होते. निता अनुसयाबाईंना म्हणाली, "सासूला बाहेरच बसू द्या." तिला ते तोंड बघायचं नव्हतं. पेमा आत आली, या वेळी आपण होऊन टेबलावर चढली. अंगानं थोडी भरली होती. निता प्रोब हातात घेणार तोच तिनं निताचं मनगट धरलं.

"बाई, आदी एक सांगा. तुमी माझ्या सासूला तवा नातू काहून कबूल केला?"

"मी?"

"मी हितंच पडलेली व्हते ना. ऐकलं मी." ती घाईघाईनं, दाराकडे बघत बोलत होती. "सासरे सगळ्या तांड्याला सांगून राहिले की डाक्टरीनबाईनं नातू कबूल केला. आपल्या बोलीत बोलली, आपल्या जातीची हाय, खोटं बोलनार न्हाई. दिपक बी तेच म्हनते. कुणी घरी आलं की तेच. पोरगी झाली तर मी काय करू? तुमाला खोटं म्हननार न्हाईत ते. मलाच म्हनतील."

निताला आपलं वाक्य आठवलं. ती म्हणाली होती "नातवाचं तोंड बघशील." नातवंडाचं म्हणाली असती तर? पण नातवंड म्हटल्यावर कोण उठलं असतं? तिला स्वतःचा, त्या बाईचा आणि या पोरीच्या भोळ्या, बिनतोड गणिताचा एकदम वैताग आला. एका पोरीला मरणातून काढलं आणि जाता जाता तिच्या डोक्यावर दगड ठेवून पाठवलं. आणि हे तिला वर्षभर माहीतही नव्हतं. ती दगडी चेहऱ्यानं पेशंट तपासत होती आणि तिकडे तांड्यावर तिच्या शब्दाला पाय फुटले होते.

"अनुसयाबाई, हिच्या सासूला बोलवा. आत्ता."

निर्मलाबाई आल्या. निता उभीच होती. आवाज चढवूनच म्हणाली, "मी तुम्हाला नातू कबूल केलेला नाही, निर्मलाबाई. असं कुणालाच कबूल करता येत नाही. तुम्ही उठत नव्हता म्हणून मी तसं बोलले. ही मरेल म्हटलं तेव्हा तुम्ही जागच्या हलला नाहीत. नातू म्हटल्यावर हलला. म्हणून."

निर्मलाबाईंनी आधी पेमाकडे बघितलं, मग दार ओढून घेतलं. मग त्या स्टुलावर बसल्या.

"मरंल म्हनलात तवाच मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "मला काय कान न्हाईत? माझी धाकली जाऊ अशीच पोटात दुखून दुखून गेली. मी बसून इचार करून राहिले व्हते, भायेर त्या मानसाला काय सांगू. सून मरंल म्हनलं असतं तर ते म्हनले असते, घरी चल, भगताला दाखवू. जीप काहाची, नांदेड काहाचं. मला त्याला सांगन्यासारखं काही सापडून नव्हतं राहिलं." त्यांनी नाक पदरानं पुसलं. "मंग तुमी नातू म्हनलात. मी म्हनलं, हे बराबर हाय. हे चालंल. भायेर जाऊन सांगितलं की बाईनं मशीनमधी पाहून नातू कबूल केला, पन नांदेडला नेलं तरच. तवा पळाले ते."

निताला बसावंसं वाटलं, पण स्टूल एकच होतं.

"म्हणजे तुम्हाला…"

"नातू मला बी पाहिजे," निर्मलाबाई तिला तोडत म्हणाल्या. "काहून नको? पन ही बी पाहिजे ना. हिनं मला मागल्या वर्षी तापात उचलून बाजंवरून भायेर नेलं. पोटची पोर अशी करत न्हाई." मग पेमाकडे वळून त्या गोरमाटीत जरा दटावून म्हणाल्या, तू इथं येऊन रडायची काय गरज होती, मी मेले होते का. पेमाचे पोटावरचे हात सैल झाले.

निता म्हणाली, "मग आता खरं सांगा ना त्यांना. मी येते सोबत, मी सांगते."

"आता? आता कसं सांगता?" निर्मलाबाईंना तिच्या अडाणीपणाचं नवल वाटल्यासारखं दिसलं. "आता हिला दूध भेटून राहिलं. जड हंडा उचलू देत न्हाईत. दिपकला या साली ऊसतोडीला धाडलं न्हाई, बायकोजवळ राह्य म्हनले. हे सगळं नातवाचं हाय. पोरगी झाली तर झाली, तवा बघून घेऊ. तवर काहून तोडता हिच्या तोंडचं?"

इतकी वर्षं निता एकच उत्तर देत आली होती, सांगत नाही. त्या न सांगण्याला ती स्वच्छ समजत होती. आता तिला कळेना की आपण कुणावर चिडायचं. समोरच्या बाईवर चिडावं तर तिनं आपल्यापेक्षा आधी हिशेब केला होता. हिरासिंगांवर चिडावं तर ते बाहेर बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून आशेनं बसले होते. राग होता, चांगला घसघशीत होता, पण ठेवायला जागा नव्हती. तिनं अनुसयाबाईंना खिडकी लावायला सांगितली आणि प्रोब उचलला.

पिशवीत होता. बरोबर मध्यावर, वरच्या बाजूला. ठोके सुरू झालेले. निताने मशीनचा पडदा पेमाकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. नेहमीसारखी "ठीक आहे, उठा" म्हणाली नाही. त्या दोघी बघेपर्यंत थांबली. निर्मलाबाई स्टुलावरून उठून अगदी पडद्याला नाक लावून बघत होत्या. "हे लुकलुकून राहिलं ते?" त्यांनी विचारलं. "ते," निता म्हणाली. "जागेवर हाय?" "जागेवर आहे."

बाहेर येताच हिरासिंग उठून उभे राहिले. "डाक्टरीनबाई, आमचं काम बराबर हाय ना?"

निताच्या तोंडात ठरलेलं वाक्य आलं होतं. तिनं निर्मलाबाईंकडे बघितलं. त्या पेमाच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडेच बघत होत्या. निता काहीच बोलली नाही. हिरासिंगांनी त्या न बोलण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, हात जोडले, आणि सुनेच्या पुढे चालत जाऊन स्टँडवरच्या गर्दीतून तिला वाट करून दिली.

पोरगीच झाली. अनुसयाबाईंचं माहेर बाळापूरचं, त्यांनी येऊन सांगितलं. हिरासिंग आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, दिपक रुसून शेतात झोपला, पण पेमाला कुणी काही म्हटलं नाही. निर्मलाबाईंनी म्हणू दिलं नाही.

"काय सांगितलं त्यांनी?" निताने विचारलं.

अनुसयाबाई आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "सगळ्या तांड्यात सांगून राहिल्या की बाई खोटी न्हाई, तिचं मशीनच जुनं हाय. मशीन चुकलं म्हनतेत."

निता तडकली. तिनं हातातली फाइल टेबलावर आपटली. माझं मशीन? ज्या मशीनवर नळीतला डाळीएवढा गर्भ सापडला ते? वर्षानुवर्षं एक रिपोर्ट चुकला नाही ते? ती बराच वेळ बोलत राहिली. तांड्यावर जाऊन त्या बाईला विचारते म्हणाली, याच्यामुळे पोटदुखीच्या बायकासुद्धा यायच्या बंद होतील म्हणाली. अनुसयाबाई ऐकून घेत खोली झाडत होत्या. बोलता बोलता निता थांबली. पेमाला कुणी काही म्हटलं नाही, हे वाक्य तिला उशिरा ऐकू आल्यासारखं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं नवं मशीन घेतलं. रंगीत, मोठ्या पडद्याचं. त्याच्या कडेचं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं. त्या दिवसांत बाळापूरकडचाच एक माणूस सुनेला घेऊन आला. लालसिंग त्याचं नाव, पांढऱ्या मिशांचा, बोलायला मोकळा. सून टेबलावर चढत होती आणि तो दारातून आत डोकावून मशीनकडे बघत होता.

"बाई, मशीन तेच हाय का बदललं? तिकडं म्हनतेत तुमचं मशीन चुकते."

निताने नव्या मशीनकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"तेच आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं बराबर दाखवतं. जागा दाखवतं, ठोके दाखवतं, कुठं काही अडलं असेल तर ते दाखवतं. पोरगा-पोरगी तेवढं त्याला कळत नाही."

लालसिंगनं मनापासून हळहळून मान हलवली. "मंग काय उपेग हो त्याचा?" तो म्हणाला.

निताने डोळे मिटले, उघडले. "अनुसयाबाई," ती म्हणाली, "यांना बाहेर बसवा आणि दार लावून घ्या." आणि ती टेबलावरच्या पोरीकडे वळून म्हणाली, "तुझं नाव काय गं?"